लंबगोल चेनरिंग आणि माझा गुडघा

४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ६.२०
सहाला बेल वाजली. दोनदा, मग थांबून एकदा. दादा अशीच वाजवायचा. पण दादाला जाऊन पाच महिने झाले, म्हणजे ही दुसऱ्या कुणाची असणार. जगात सायकली काय कमी आहेत? पांघरूण डोक्यावरून घेतलं ते थंडीमुळे.

संकल्प: पंधरा दिवसांत पाण्याच्या टाकीचा चढ सायकलने चढायचा. दुसऱ्या वळणावर दादा सायकल टेकवून बसला तो उठलाच नाही. वहिनीला ती जागा बघायची आहे, एकटीने जायचा धीर होत नाही म्हणाली. मी म्हटलं, आधी मी चढून येतो, मग तुला नेतो. शब्द म्हणजे शब्द.

अडचण एकच. डावा गुडघा.

६ ऑगस्ट
माझी सायकल फॅट बाइक आहे. टायर उशीएवढे जाड. दादाने त्याच्यासारखीच घ्यायला लावली होती. सध्या बाल्कनीत असते, बायको तिच्यावर टॉवेल वाळत घालते.

तीन तास अभ्यास केला. चढ न जमण्याचं खरं कारण सापडलं: चेनरिंग. म्हणजे पेडलजवळचं दातेरी चाक. माझं गोल आहे. लंबगोल मिळतं. पायाला जोर असतो तिथे मोठं, नसतो तिथे लहान. गुडघ्याला आराम. मन एकदम हलकं झालं.

बायको म्हणाली, त्या चढावर तू एकदाही गेला नाहीस, मग चेनरिंगचा दोष कसा?  तांत्रिक चर्चा सगळ्यांशी करता येत नाही.

११ ऑगस्ट, रविवार
पुन्हा बेल. बायको बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिला विचारलं, ऐकलीस का? म्हणाली, कसली बेल? तिचे कान तपासून घ्यायला हवेत.

तीस दाती की बत्तीस दाती, यात दोन दिवस गेले. तीस. ऑर्डर दिली.

१५ ऑगस्ट
पार्सल आलं. स्वतः बसवलं. चेन टायरला घासते.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याला सगळे मास्तर म्हणतात. म्हणाला, ही साध्या सायकलची आहे, फॅट बाइकला बाहेरच्या अंगाला बसणारी लागते, मोजलं नव्हतंत का? मी म्हटलं, नजरेने मोजलं. तो म्हणाला, तुमचे दादा प्रत्येक गोष्ट मोजायचे.

खरंय. फेब्रुवारीत आमच्या बाल्कनीत तो स्केल घेऊन उकिडवा बसला होता. मला वाटलं, टॉवेलच्या दांडीचं माप घेतोय.

२० ऑगस्ट. संध्याकाळी
दुसरी आली. बसवली. यावेळी घासत नाही. बिल्डिंगला तीन फेऱ्या मारल्या. काहीतरी भलतंच वाटतंय. प्रत्येक फेऱ्यात पाय अडतो, मग कुणीतरी ढकलल्यासारखा एकदम सुटतो. लहानपणी दादा मागून सीट धरून ढकलायचा, अगदी तसं. मागे वळून बघितलं. कुंपणात पडलो.

मास्तर म्हणाला, खुणेचा ठिपका पेडलच्या दांड्याशी जुळवायचा असतो, तुम्ही पाव फेरा चुकलात, मोठी बाजू नेमकी नको तिथे आलीय. मी म्हटलं, मुद्दाम प्रयोग म्हणून केलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सायकल तिथेच ठेवली.

२५ ऑगस्ट, रविवार. ६.४०
साडेपाचपासून जागा आहे. बेल वाजली नाही. खिडकीतून दोनदा बघितलं. बरंच झालं, एकदाचा ताप गेला.

चहा मात्र खिडकीतच उभ्याने प्यायलो.

२६ ऑगस्ट
सायकल घरी आली. बायकोने लगेच टॉवेल टाकला. वारा आला. टॉवेलचा चिमटा हँडलवरच्या बेलवर आपटला. दोनदा, मग थांबून एकदा.

म्हणजे इतकंच. इतके रविवार मी एका चिमट्याला घाबरलो. हसू यायला हवं होतं. बायकोला म्हटलं, उद्यापासून टॉवेल दुसरीकडे टाक. मग म्हटलं, राहू दे, इथेच टाक.

दादा गेला त्या रविवारीही अशीच वाजली होती, पण तेव्हा खाली खरोखर दादा होता. मी खिडकीतून ओरडलो, गुडघा दुखतोय. तो म्हणाला, बरं, आराम कर छोट्या. आणि एकटा गेला. बरोबर कुणी असतं तर, असं डॉक्टर काहीतरी म्हणत होते. मी पूर्ण ऐकलं नाही.

गुडघा दुखत होता. बहुतेक.

२९ ऑगस्ट
वहिनीला फोन केला. या रविवारी नको, उजवा गुडघा धरलाय. ती म्हणाली, बरं. बायको शेजारीच उभी होती. म्हणाली, महिन्याच्या सुरुवातीला डावा होता ना? मी समजावलं, एकाचा भार दुसऱ्यावर जातो. वैद्यकीय बाब आहे.

१ सप्टेंबर, रविवार. दुपारी
वहिनी आली होती. सकाळी टाकीच्या चढावर जाऊन आली. चालत. एकटी. तक्रारीचा एक शब्द नाही. तासभर बसले म्हणाली, तिथून सगळं दिसतं, तुमच्या घराची खिडकीसुद्धा.

दादाचं कपाट आवरताना एक खोकं सापडलं, ते मला द्यायला आली होती. उघडलं. लंबगोल चेनरिंग. तीस दाती, फॅट बाइकची, माझ्याच मापाची. खोक्यावर दादाच्या अक्षरात: "छोट्यासाठी. दोन्ही गुडघ्यांना चालते."

वहिनीने विचारलं, दोन्ही म्हणजे काय रे?

मी म्हटलं, तांत्रिक आहे.

ती गेल्यावर बाल्कनीचं दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आलो नाही.

८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९
दादाची चेनरिंग पहिल्याच फटक्यात बसली. कुठे घासत नाही, कुठे अडत नाही.

सहाला टॉवेल काढून सायकल खाली नेली. खिडकीखाली उभा राहून बेल वाजवली. दोनदा, मग थांबून एकदा. जरा वेळ थांबलो. वरून कुणी काही ओरडलं नाही.

पहिल्या वळणालाच दम संपला. उतरलो. पुढे सायकल ढकलत दुसऱ्या वळणापर्यंत गेलो आणि तिथे बसलो. आमची खिडकी दिसते.

गुडघे दोन्ही ठणठणीत आहेत. तेव्हाही होते.