उरलेली अकरा मिनिटं

सोमवार, ३ तारीख

सकाळी पोहोचलो. प्रशिक्षण केंद्र वाटलं होतं त्यापेक्षा खूपच चांगलं आहे. खोलीला मोठी खिडकी, टेबल, नवी गादी, नळाला गरम पाणी. तेलविहिरीच्या रिगवरच्या पत्र्याच्या खोलीनंतर ही चैनच. आम्ही बाराजण आहोत, सगळे ड्रिलिंग इंजिनिअर. तेल आणि वायूच्या खोल, जास्त दाबाच्या विहिरी कशा खोदायच्या याचा दोन आठवड्यांचा वरच्या पातळीचा अभ्यासक्रम आहे. शिकवणाऱ्यांना सगळे हेडमास्तर म्हणतात. माझ्या जोडीदाराचं नाव पैलवान पडलंय. वजन जेमतेम पन्नास किलो असेल. जेवताना त्याने विचारलं, मी मुळातच कमी बोलतो की मला तोच आवडला नाही. बऱ्याच दिवसांनी हसलो.

ताईला पोहोचल्याचा फोन केला. भाऊजी गेल्याला चार महिने झाले, तेव्हापासून ती फोनवर नुसती हूं म्हणते. आज म्हणाली, नीट शिकून ये.

मंगळवार, ४ तारीख

सिम्युलेटर पाहिला. रिगवरच्या ड्रिलरची केबिन जशीच्या तशी: तीच खुर्ची, तेच दांडे, समोर पडदे. हेडमास्तर बाजूच्या खोलीत काचेपलीकडे बसतात आणि हेडफोनवर बोलतात.

आज उजळणी होती. विहिरीत जड चिखल भरलेला ठेवतात, आम्ही त्याला मड म्हणतो. त्याच्या वजनाने खालचा वायू दबून राहतो. शंका आली की मड फिरवणारे पंप थांबवायचे आणि मड बाहेर पडतो त्या पाइपाशी पंधरा मिनिटं बघत उभं राहायचं. मड थांबला तर ठीक. वाहत राहिला तर खालून वायू शिरलाय, विहीर ताबडतोब बंद करायची. हेडमास्तर म्हणाले, याला हुशारी लागत नाही, फक्त नुसतं उभं राहायला लाज वाटता कामा नये. सगळे हसले. मीही.

मग त्यांनी सांगितलं की चार महिन्यांपूर्वी एका ड्रिलरने न थांबताच पंधरा मिनिटं नोंदवहीत लिहिली आणि स्वतःसकट चार माणसं जाळली. नाव घेतलं नाही. ते माझे भाऊजी. मी मान खाली घालून वहीत लिहीत राहिलो.

गुरुवार, ६ तारीख

पहिला सराव. पंप थांबवले, घड्याळ लावलं. पडद्यावर मड स्थिर होता. चौथ्या मिनिटाला हेडफोनमध्ये खरखर झाली आणि कुणीतरी विचारलं, काय मेहुणेबुवा, चहा आला का?

पैलवानाला विचारलं, तू काही बोललास का. तो म्हणाला, चहा अकराला मिळतो, घरच्यासारखे लाड नाहीत इथे. हेडमास्तर तर फोनवर होते.

मला मेहुणेबुवा म्हणणारा एकच माणूस होता.

शनिवार, ८ तारीख

हेडमास्तरांनी नवी विहीर लावली. माझ्या पडद्यावर आमचीच विहीर आली, भाऊजी गेले ती. खोली तीच, मडचं वजन तेच, दशांशासकट. पैलवानाला त्याच पडद्यावर दुसरे आकडे दिसत होते. साबणाने तीनदा हात धुतले, मडचा वास जात नाही.

दुपारी ताईचा फोन. जळालेल्यांपैकी एकाची आई दारात येऊन बसली होती. ताईने तिच्या पाया पडून माफी मागितली. भाऊजींच्या वतीने. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जेवलीस का?

सोमवार, १० तारीख

लिहून टाकतो. वही माझीच आहे.

त्या दिवशी पाइपाशी मी उभा होतो. भाऊजी वर केबिनमध्ये. चार मिनिटं झाली आणि चहा आला. बाकी काही कारण नव्हतं. रेडिओवर सांगितलं, पंधरा झाली, शांत आहे. त्यांनी विचारलं, एवढ्यात? मी म्हटलं, घड्याळ बंद पडलंय की काय तुमचं? ते हसले. म्हणाले, मेहुण्याला खोटं पाडलं तर तुझी ताई मला जेवायला घालायची नाही. आणि लिहिलं. मी चहाकडे निघून गेलो, म्हणून वाचलो.

चौकशीत मी सांगितलं, मी तिथे नव्हतोच. सुरुवातीपासूनच चहाला गेलो होतो.

मंगळवार, ११ तारीख

पैलवानाने जोडीदार बदलून मागितला. म्हणतो, मी केबिनमध्ये सारखा कुणाशी तरी बोलतो. त्याचं काही नाही म्हणे. पण कुणीतरी उत्तर देतं.

बुधवार, १२ तारीख

परीक्षा. एकट्याने. वही जवळ ठेवायला परवानगी आहे.

पंप थांबवले.

चार मिनिटं. मड वाहतोय. विहीर बंद करायचं बटण दाबलं – काही होत नाही. दार उघडत नाही. काच बडवली. हेडमास्तर पाठमोरे, वळत नाहीत. कानात भाऊजी म्हणाले, अजून अकरा आहेत, मेहुणेबुवा. बसा की. कसली घाई?

सात. मड पडद्यावर नाही, पायाशी. कोमट. बुटात शिरलाय.

नऊ. ताईला लिहितो. ताई, आम्ही त्या दिवशी – आम्ही नाही. मी. तिथे मी होतो. चार मिनिटं थांबलो आणि पंधरा सांगितली. भाऊजींनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांनी केलं. त्या आईच्या पाया मी पडायला हवं होतं, तू नाही.

अकरा. गुडघ्याशी. सडक्या अंड्यांचा वास. हे पान फाडून दाराच्या फटीतून बाहेर –

बारा. मनात आलं, पान भिजलं तर कुणाला कधीच कळणार नाही. आणि बरं वाटलं. ताई, आत्तासुद्धा – बरं वाटलं.

तेरा. वास येईनासा झाला. हा विषारी वायू आधी नाक मारतो. म्हणजे –

चौदा. भाऊजींनी विचारलं, सरकवलंस का पान?

मी हो म्हटलं.

पान वहीतच आहे. फाडतो. खरंच फाडतो, भाऊजी, आता फा