होल्डचं बटण

आई,

मी पन्नाशीत हेलिकॉप्टर उडवायला शिकतोय. रिमोटवरचंच, पण खेळणं म्हणू नकोस. त्याला दीड वीत लांबीची कार्बनची दोन पाती आहेत, आणि ती फिरायला लागली की मी दोन पावलं मागे सरतो. तू गेल्याला बारा वर्षं झाली, तरी मी होतो तसाच भित्रा आहे. माजिवड्याच्या ऑफिसात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तरी आधी बाथरूम गाठतो. मग हे नसते उद्योग कशाला, असं तुझी सून दर रविवारी विचारते. भीती वाटत असताना एकदा तरी जागचं न हलता उभं राहून बघायचंय, हे तिला कसं सांगू?

उडवायला आम्ही खडवलीला जातो. भात कापून मोकळं झालेलं एक शेत आहे, मालकाला विचारून घेतलेलं. शिकवणारे काका कल्याणचे, रिटायर झालेले, तोंडाने फटकळ. पहिले चार महिने त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवायचं, शेपटी आपल्याकडे. "तोंड आपल्याकडे फिरलं ना, की डावं ते उजवं होतं. भलेभले आपटलेत तिथे," असं ते म्हणतात. आणि दुसरं म्हणजे होल्ड. रिमोटच्या कोपऱ्यात एक बटण असतं, ते खाली पाडलं की मोटर बंद. मशीन धप्पकन खाली येतं आणि मोडतं. "मोडू दे रे! माणूस जवळ दिसला की विचार नाय करायचा, होल्ड मारायचा." मी मान डोलवायचो, आणि मला तू आठवायचीस.

कोपरची आपली खोली. मी दहा वर्षांचा, पाटावर बसून पोळी खातोय. शेगडीच्या नळीतून अचानक जाळ येतो, ओट्याखालून वर, तुझ्या पदरापर्यंत. मी ताट टाकून पळतो. नुसता पळत नाही, बाहेरून दारही ओढून घेतो. तू आत. तू त्या जाळात हात घालून रेग्युलेटर बंद केलास आणि मग बाहेर आलीस. मनगटापर्यंत कातडी लाल झालेली. शेजारणी हळद, बटाटा, काय काय घेऊन धावत आल्या, आणि तू सगळ्यांसमोर मला झापलंस. "पळालास ते पळालास, वर दार लावून घेतलंस? आधी बंद करायचं, मग पळायचं!" काही दिवसांनी तुझ्या हाताची पट्टी बदलताना मी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?" तू म्हणालीस, "वाटली तर! पाय लटपटत होते. हात आपला गेला." वेळ आली की माझाही हात असाच जाईल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

गेल्या रविवारी तुझी नात पहिल्यांदाच शेतावर आली. कॉलेजात आहे आता. बाबाचा व्हिडिओ काढते म्हणाली आणि बांधाजवळ उभी राहिली. वारा आला, मशीन गर्रकन फिरलं आणि त्याचं तोंड माझ्याकडे झालं. ते तिच्या बाजूला सरकायला लागलं. मी रिमोटची दांडी उलट्या बाजूला ढकलली, तर आणखीच तिकडे गेलं. ती फोनमध्ये बघत होती. काका ओरडले, "होल्ड! अरे होल्ड मार!" मला ऐकू आलं. माझं बोट बटणावरच होतं. मग पातं बांधाला घासलं, ताडकन आवाज झाला आणि सगळे तुकडे उडाले. एक तिच्या चपलेपाशी पडला. त्यानंतर, सगळं संपल्यावर, मी बटण पाडलं.

काका धापा टाकत आले आणि त्यांनी रिमोटवरचं पडलेलं बटण बघितलं. "वेळेत मारलास रे. नायतर पोरगी..." मी तुकडे वेचायला वाकलो. घरी पोरीने सगळ्यांना रंगवून सांगितलं की बाबाने एका सेकंदात बंद केलं. तुझ्या सुनेने मला जास्तीची साखर घालून चहा दिला.

आता पोरीलाही शिकायचंय. दोन रिमोट जोडता येतात, म्हणजे शिकणाऱ्याचं चुकलं तर बाजूच्याने होल्ड मारायचा. मी म्हटलं, बाजूला काकांना उभं करू. तर म्हणते, "नको, तूच पाहिजेस. तू असलास की मला टेन्शन नाही." परवा रविवार आहे.

घाबरून हात गोठला, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. गोठला नव्हता, आई. दोन्ही अंगठे व्यवस्थित चालत होते. ती समोर दिसत होती, आणि मी मशीन वाचवत होतो. इतके महिने जपलेलं मशीन मोडू नये म्हणून. हे खरं तर तिला सांगायला हवं. ती पलीकडच्या खोलीतच आहे, कॉम्प्युटरवर उडवायचा सराव करत बसलीये. तुला लिहिलं, कारण हे वाचून तू माझ्याकडे बघणार नाहीस.