तडे गेलेली साडी

ती. अप्पांना,
अड्यारहून तुळसीचा नमस्कार.

माझ्या लग्नाची बाटिक साडी मीच रंगवते आहे. फोनवर तुम्ही म्हणालात, "तडे गेलेलं वस्त्र बोहल्यावर नको, संसारालाही तडे जातात." अप्पा, मेण लावलेलं कापड मी मुद्दाम चुरगाळते. मेणाला गेलेल्या तड्यांतून रंग झिरपतो आणि त्या बारीक रेषांवरूनच हातचं काम ओळखू येतं. गुळगुळीत छापील साड्या टी. नगरच्या दुकानांत ढिगाने मिळतात.

आईच्या लग्नातल्या कांचीपुरम साडीवर एक रेघसुद्धा नव्हती. तरी आई इतकी वर्षं तुम्हाला सोडून एग्मोरला मामाकडे राहते आहे.

हे वाचलंत तर तुम्ही लग्नाला यायचे नाहीत, म्हणून पत्र टाकत नाही. साडी मात्र हीच नेसेन, आणि हीच नेसून तुमच्या पाया पडेन.

तुमची,
तुळसी