ह्यांच्या अंगावरचा समुद्र

मी, अत्तराच्या दुकानाची मालकीण, वय एकाहत्तर, गुडघे सोडले तर धडधाकट, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. माझ्यावर दडपण आणू शकेल असा एकच माणूस होता. तो मागच्या हिवाळ्यात गेला.

१. दुकान व मागची खोली ही स्थावर मिळकत माझ्या मुलीची. तिने विकावी, भाड्याने द्यावी, कुलूप घालावं. ‘आईला काय वाटलं असतं’ म्हणून कुढत बसू नये.

२. तराजू व काचेची भांडी धाकट्या दिरांना. आम्ही समुद्राच्या वासाचं अत्तर काढलं, तेव्हा हे म्हणाले, “बाईने लावावं, पुरुषाने लावावं, समुद्राला काय फरक पडतो?” दीर म्हणाले, “वहिनी, हे ना इकडचं ना तिकडचं. कोण कुत्रं विचारणार?” त्यांनी ते बायकांच्या फळीवर ठेवू दिलं नाही आणि पुरुषांच्याही नाही. शेवटी मी ते गल्ल्याजवळ ठेवलं, आणि त्याच्याच जिवावर दुकान चाललं. तराजू पुसताना त्यांनी हे आठवावं.

३. त्या अत्तराच्या उरलेल्या बाटल्या वाटून टाकाव्यात. मला त्यांचा उपयोग नाही. एकच अत्तर प्रत्येकाच्या अंगावर वेगळं उमटतं. माझ्या अंगावर ते चिरलेल्या काकडीसारखं यायचं. ह्यांच्या अंगावर मीठ, वारा, ओहोटीनंतरचे ओले खडक. तो समुद्र बाटलीत नाही, ह्यांच्या अंगावरच होता.

४. चांदीची फुलदाणी नणंदबाईंना. हे गेल्यावर, माझा भार हलका व्हावा म्हणून त्यांनी ह्यांचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवले. चांगल्या मनानेच केलं. मी कपाट उघडलं तर साबणाचा वास. तेव्हा मी त्यांना नाही नाही ते बोलले. आता राग गेला आहे. जवळजवळ गेला आहे.

५. दुकानाच्या दारामागे खुंटीवर ह्यांचा मफलर होता, तेवढा धुण्यातून वाचला. तो मी पत्र्याच्या डब्यात बंद केला. उघडला की वास उडणार, म्हणून मनावर दगड ठेवून उघडत नव्हते. परवा राहवलं नाही. उघडला, आणि काहीच आलं नाही. घाबरून लवंग हुंगली, रॉकेल हुंगलं. तेही नाही. डॉक्टर म्हणाले, नुकत्याच येऊन गेलेल्या तापात नाक गेलं, आता वास परत येणं कठीण.

म्हणजे मफलरात हे अजून आहेत की नाहीत, मला कळायला मार्ग नाही. दुसऱ्याला विचारावं, तर तो ‘नाही’ म्हणाला तर? ते ऐकायची माझी छाती नाही.

पोरी, हे कलम तुझं. मला न्यायच्या आधी माझ्या उशाशी बस आणि डबा उघड. तू बाबांच्या खांद्यावर झोपून मोठी झालीस, तुला ओळखू येईल. हुंग आणि मला मोठ्याने सांग, बाबा आहेत का.

नसले तरी आहेत म्हण.

स्थळ : दुकानामागची खोली
दिनांक : १६ मार्च, दुकान बंदचा वार
सही : मालकीणबाई

साक्षीदार :
शेजारचा चष्मेवाला. डबा मी हुंगून सांगतो म्हटलं, बाईंनी हातातून काढून घेतला.
वरच्या मजल्यावरची नर्स. आमच्यासमोर सही केली.