कमरेला माग बांधलेली बाई

३ फेब्रु.
आणखी एक चेहरा फुकट. साच्यातून काढताना कानाशी फाटला. हजार वर्षांपूर्वीचे माया लोकही चेहरा साच्यात दाबून काढत, अंग मात्र हाताने घडवत. माझी वीतभर विणकरीण. कमरेला माग, आतून पोकळ, पाठीत शिट्टी. म्युझियमच्या दुकानासाठी ऑर्डर आहे, असं साहेब म्हणतात.

९ फेब्रु.
वाजली! माती ओली असतानाच भोक तिरकं पाडायचं होतं. घरी नेऊन दाखवली. ईशा : "ममा, इट साउंड्स लाइक अ सिक बर्ड." विकास हसला. त्याची नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा.

१४ फेब्रु.
भाजून निघाली, कुठे तडा नाही. वर निळा रंग दिला. साहेब बघत राहिले. मग, "सुंदर. आता एक हात तोडा, ताई." चेष्टा वाटली. "जुनी दिसायला हवी. यल्ला, चला लवकर." रंग खरवडला, चिखल चोळला. हात मीच तोडला. हातात पक्कड, डोळे मिटून.

२२ फेब्रु.
पार्सल द्यायला शोरूमला गेले. काचेत माझी बाई! खाली चिठ्ठी : माया कबरीतून मिळालेली, अस्सल. साहेबांना विचारलं. त्यांनी केबिनचं दार लावलं.
"नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा तुमच्यावर ना? आणि तुमचा माझ्यावर."
खलास. रास अल खोरच्या शोरूमपासून कुसैसच्या घरापर्यंत बसमध्ये काही सुचेना.

२३ फेब्रु.
विकास म्हणतो, "कोणाचा जीव तर जात नाही ना." वाईट नाही तो, घाबरलाय. मीपण. तरी साहेबांपेक्षा त्याचाच राग जास्त येतोय.

१ मार्च
गिऱ्हाईक मिळालं. शारजातल्या डॉक्टरीणबाई, भोपाळच्या. मी 'एक्स्पर्ट' म्हणून हजर राहायचं. साहेब : "कशी बनवत ते सांगा. कोणी बनवली ते नको."

४ मार्च
सांगितलं सगळं. साचा, पोकळी, शिट्टी. एकही शब्द खोटा नाही, म्हणून जास्त लाज वाटते. बाईंनी तुटक्या खांद्यावरून बोट फिरवलं. "कितने प्यार से बनाई है किसी ने. और उसका नाम तक कोई नहीं जानता."
साहेब माझ्याकडे बघत होते.
जाताना बाई म्हणाल्या, "आप अपने हाथ से लिखकर दीजिए कि असली है. तभी लूँगी."
उद्या द्यायचंय. कागद समोर आहे. 'ही मूर्ती' एवढंच लिहून झालंय. विकास दोनदा डोकावून गेला.