पान बावन्नवरचा मातीचा खांब

लातूर, रविवार

मामा,

१. शुक्रवारी तुमच्या प्रकाशकाचं पाकीट आलं. दुष्काळावरच्या तुमच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. वारस म्हणून आजीची संमती हवी.
२. शनिवारी सुट्टी होती. मी एसटीने मुखेडला आजीकडे गेले.
३. ती म्हणाली, आधी वाचून दाखव. मी पान बावन्न वाचलं.
४. तिने अंगठा दिला नाही.

म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन चार महिने झाले. मला याचा उपयोग दिसत नाही. पण आजी म्हणाली, "त्याचं पुस्तक हाय. आधी त्याला इचार. माघारी बोलणं बरं न्हाई." आपल्या आईला आधी विचारावं, हे तुम्हाला मात्र कधी सुचलं नाही.

जोडून सुट्टी आली की तुमचं पत्र यायचं. काय वाचलं, काय लिहिलं, कोणत्या गावात किती इतिहास सापडला. अहमदपूरच्या तुमच्या घरून निघायचं, कुणा मोठ्या माणसाच्या ओसरीवर चहा घ्यायचा आणि परतल्यावर 'अस्सल साधन हाती लागलं' असं कळवायचं. ती सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. त्यांत मुखेड एकदाही नाही. बाहत्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर माती वाहिलेली बाई तिथे राहत होती. तिच्या घराला ओसरी नव्हती, म्हणून?

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तुम्ही म्हणालात, नव्या जिल्ह्याला स्वतःची कादंबरी हवी. दिलीत. जिल्ह्याने शाल दिली. आजीचं गाव नांदेडातच राहिलं होतं. तुम्ही तेही कादंबरीत इकडे ओढून आणलंत.

आता पान बावन्न. खड्ड्याच्या मधोमध मातीचा खांब. बायका त्याला भूमाता मानून हळदकुंकू वाहतात आणि सगळ्यांच्या पुढे तुमची आई.

मी पाटबंधाऱ्याच्या कामावर ओव्हरसियर आहे. असे खांब मी रोज मोजते. खोदताना मध्ये मूळ जमिनीचा एक तुकडा तसाच राखतात. त्याची उंची मोजली की खोदाईची खोली कळते. इतकंच. पहिल्या आवृत्तीच्या वेळी मी हे तुम्हाला लिहिलं होतं. पुढच्या सुट्टीत उत्तर आलं : "सुजाता, कादंबरी टेपने मोजत नाहीत. त्या पानावर वाचक रडतात."

आजी रडली नाही.

"मी कुंकू वाहून राहिले म्हणं? अगं, त्याच्या सावलीला बसून भाकर खायचो आम्ही. अन् सायेब मोजाया यायच्या आधी त्याच्या डोक्यावर दोन टोपले माती थापायचो. खांब वाढला की खोली वाढली, अन् खोलीवर मजुरी. हे लिवलं का त्यानं?"

"नाही."

"मग लिवलं काय?"

याचं उत्तर तुमच्याकडे आहे? बौद्ध धर्म घेतल्यावर घरातले देव तिने स्वतः नदीत सोडले. ती सांगते, देवांची टोपली तुमच्या डोक्यावर होती. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही तिच्या हातात कुंकू दिलंत. अडाणीपणा मी समजू शकले असते.

निघताना ती म्हणाली, "समदं पुसू नको. शाणा न्हाई, पर लेक हाय."

तेव्हा मी असं करीन. त्या पानावरच्या अकरा ओळी खोडीन आणि तिथे आजीचं बोलणं घालीन, तिच्याच शब्दांत, दोन टोपल्यांसकट. तुमची एक ओळ ठेवीन : 'आई कामावरून आली की आधी टोपलं पालथं घालायची.' ही ऐकून आजीने मान डोलावली होती. ती ओळ मधोमध तशीच राहील. किती खोदावं लागलं, ते कुणाला मोजायचं झालं तर.

मग आजी अंगठा देणार आहे. पाकीट मंगळवारी मुखेडहूनच टपालात पडेल. तुमची हरकत असेल तर सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवा.

सुजाता