अण्णांच्या रायफलीवरचं नाव

३ ऑगस्ट
सकाळी कैलास आल्ता. अण्णा जाऊन दोन महिने झाले. तेराव्यानंतर माझ्या भावाला अंबडचा रस्ता आज सापडला. फळं न्हाई, पेढे न्हाई, पिशवीत फक्त कागद. अण्णांची रायफल ठाण्यात जमा आहे, तिच्यासाठी वारसांची ना-हरकत लागते. बापाला वारस दोनच, तो आन मी. "अक्का, एक सही मार, साडेअकराच्या गाडीनं वाटूरला माघारी जातो."
एक सही. हक्कसोडच्या वक्ताला पण एकच म्हणला व्हता. माझा जमिनीतला हिस्सा गेला, रजिस्ट्रीच्या हापिसात कपभर चहा पण पाजला न्हाई.
कागद वाचला. माझं नाव माहेरचं टाकलंय. म्हणले, त्रुटी आहे, परत. तहसिलात जन्म गेला माझा कारकुनीत, कागदातली चूक काढायला मला चष्मा लागत न्हाई. तोंड बघण्यासारखं झाल्तं त्याचं.
इथून पुढं वहीत त्याला कै. लिहिते. मेलेल्या माणसाला लावतात तसं दिसतंय. दिसू दे.

९ ऑगस्ट, राखी
कै. परत. ह्या टायमाला पेढे. राखी बांधली, ओवाळलं, मंग कागद निघाला. नाव बराबर, पण साध्या कागदावर.
"स्टॅम्पपेपर लागतो रे."
"मागच्या वेळी का न्हाई सांगितलं?"
"तू विचारलं न्हाई."
घाई कशाची ते आज कळलं. त्याच्या पल्लवीचं शहागडला जमून राह्यलंय. पाहुण्याचे, म्हणजे पोराच्या बापाचे, ट्रक आहेत, लायसन आहे, आन जुनी हत्यारं जमवायचा नाद आहे. बैठकीत म्हणला म्हणे, हुंडा आम्ही घेत न्हाई, फक्त अण्णासाहेबांची ती विलायती रायफल आम्हाला विकत द्या. विकत म्हणतानी हसला. सगळ्यांना कळलं, पैसे काही येणार न्हाईत.
ह्यांनी विचारलं, "मंग रायफलीसाठी पोरगी का पोरीसाठी रायफल?" कै.नं पेढ्याचा बॉक्स बंद केला.

१४ ऑगस्ट
पाहुण्याचाच फोन. "ताई, तुमच्यापाशी कागद अडलाय म्हणं." गोड बोलतो. मी इचारलं, पीक राखायची जुनी बंदूक, तिला एवढं काय सोनं लागलंय.
म्हणला, "ताई, सेमी-ऑटोमॅटिक, त्यात कंपनीची. आता अशी येत न्हाई. पण नळीवर कंपनीचं नाव पाहिजे बरं का. नाव असंल तर घेण्यासारखी वस्तू, न्हाई तर लोखंडाची कांब. नाव आहे ना?"
म्हणले, लायसनच्या पुस्तकात तर लिहिलंय.
खोटं काही बोलले न्हाई.

२२ ऑगस्ट, पोळा
सणाच्या दिवशी बैल सोडून कै. इथं. स्टॅम्पपेपर आणला, रायफलीचा नंबर टाकायचा राह्यला. परत. आता उठायला लागला तर म्हणले, बस, एक सांग. चिमी आठवती का?
"कोण चिमी?"
खरंच आठवत न्हाई. डोळ्यात बघितलं मी. नाटक असतं तर परवडलं असतं.
रायफल घरी आली त्या साली मी सोळाची, हा बारा. अण्णांना गावाला दाखवायचं व्हतं की एकदा भरली की नुसता घोडा दाबत राहायचा, मधे काही ओढायचं काम न्हाई. वावरात माणसं जमली. निशाणाला टरबूज ठेवलं व्हतं. हा म्हणला, जितं निशाण पाहिजे. मंग माझी चिमी आणली. बाटलीनं दूध पाजून वाढवलेली बकरीची पाठ. बाभळीला बांधली. सात गोळ्या, सगळ्या ह्यानंच घातल्या. चौथीपर्यंत ती उभीच व्हती. अण्णा मोजत व्हते आन हसत व्हते. संध्याकाळी रस्सा झाला तर पहिली वाटी मलाच वाढली.
तवापासून मटण सोडलं. सासरी वाटतं मी देवाची आहे.
कै.ला म्हणले, आठवलं की ये. सगळं सांगायचं, काय केलं ते, मंग सही.
"अक्का, येडी झाली का? बकरीसाठी?"
हो, बकरीसाठी.

५ सप्टेंबर
तीन फोन आले कै.चे, उचलले न्हाई. बरं वाटतंय.
वहीत लिहायला हरकत न्हाई. दर खंडेनवमीच्या आधी घरातले विळे, कोयते, कुऱ्हाड घासायचं काम माझं. आन ती पण. पोरीनं बंदूक धरायची न्हाई, घासायची मात्र. अण्णा म्हणायचे राखेनं घास. मी चिंच आन विटकरीचा भुगा घ्यायची, आन हातातला सगळा जोर नळीवरच्या त्या इंग्रजी अक्षरांवर. लगीन होईस्तोवर, सात वर्षं. शेवटच्या वर्षी बोट फिरवलं तर गुळगुळीत. एक अक्षर राह्यलं न्हाई.
अण्णा वरून पाच बोटं कुंकू ओढायचे, तूप चोपडायचे, नारळाचं पाणी शिंपडायचे. खाली काय आहे कुणी बघितलं न्हाई. दरसाल थरावर थर. कै.ला वाटतं नाव कुंकवाखाली आहे, पुसलं की निघंल. आत तूप गोठून घोडा तरी हलतो का न्हाई, देव जाणे.
हे कुणालाच माहीत न्हाई. ह्यांना पण न्हाई.
म्हणजे सही न देण्यात मजा न्हाई. देण्यातच आहे. पण आधी त्याच्या तोंडून ऐकायचंय.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
ह्यांच्यासंगं वाटूरला गेल्ते. अण्णांचं पान टाकलं. कावळा लवकर शिवला, जिवंतपणी पण त्यांना जेवायची घाईच असायची.
जेवणं झाल्यावर कै. सगळ्यांसमोर माझ्यापुढं बसला. "अक्का, माझं चुकलं. चिमी तुझी व्हती. मी जितं निशाण मागितलं. सात गोळ्या घातल्या. चौथीपर्यंत ती उभीच व्हती." रडला. पन्नाशी उलटलेला माणूस, नाक पुसत. माझा हात त्याच्या डोक्यावर कधी गेला कळलं न्हाई. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला तो माझा भाऊ वाटला.
गाडीत बसल्यावर डोक्यात आलं. चौथी गोळी मी त्याला सांगितलीच नव्हती. फक्त ह्यांना सांगितल्ती, लग्नानंतर, एकदाच.
"तुम्ही सांगितलं?"
"सांगितलं. किती दिवस नाचवणार त्याला?"
पाठ करून आल्ता. आन मी हात ठेवला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पल्लवीचा फोन. हसून हसून बोलता येईना तिला. रायफल ठाण्यात म्हणून कै.नं पाटावर लायसनचं पुस्तक ठेवलं आन त्यालाच कुंकू लावून नारळ फोडला. पानं भिजली, आता पंख्याखाली वाळत घातलीत.
मी पण हसले. ही पोरगी लहानपणापासून माझ्याकडं बघून हसती, वशिला लागत न्हाई तिला. मंग हळूच म्हणली, "आत्या, मला पसंत आहे पोरगा. फोनवर माझं पूर्ण ऐकून घेतो, मधे तोडत न्हाई."
मी दुसरा विषय काढला.

७ ऑक्टोबर
सही दिली. अंबडच्या कोर्टाबाहेर नोटरीसमोर. नाव, नंबर, स्टॅम्प, सगळं बिनचूक, माझ्या हातानं तपासून. कै. भर रस्त्यात पाया पडला. आशीर्वाद दिला. त्यानं जिलेबी आणली, मी दोन खाल्ल्या. लई दिवसांनी गोड लागलं.
दिवाळी झाली की २४ला सकाळी नऊला ठाण्यात परवानगीनं रायफल बघायची. पाहुणा घासलेटची बाटली आन फडकं घेऊन येणार आहे, कुंकू स्वतः पुसणार म्हणला. चार सोयरे सोबत. कै.नं आधीच सगळीकडं सांगून ठेवलंय, नावाची आहे, नावाची आहे.

१५ ऑक्टोबर
परवा हे म्हणले, आजकाल गुणगुणत असती, काय झालं? सांगून टाकलं. विटकरीपासून सगळं.
घास खाली ठेवला त्यांनी. "आन पोरीचं काय?"
म्हणले, लोखंडावरच्या अक्षरासाठी जो सोयरीक मोडंल त्याच्या घरात न गेलेलीच बरी.
"हे तू आत्ता जुळवलं."
आत्ताच जुळवलं. पण खोटं आहे का? दोन दिवसांपासून घरात बोलणं बंद आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
कै. आन पल्लवी दोघंही आल्ते. ओवाळलं. ताटात साडी टाकली, ह्या वर्षी काठाची. कै. उद्याचंच बोलत व्हता. पाहुण्याच्या कपाटात जागा केली म्हणं, आत लाइट लावलाय.
जेवणानंतर तो ह्यांच्याबरोबर ओट्यावर बसला. पल्लवी भांडी घासायला आली. मला हात लावू देईना. ताट विसळता विसळता म्हणली, "आत्या, उद्या सगळं बराबर होईल ना?"
म्हणले, होईल.
तिनं लगेच मान हलवली. मी सांगितलं म्हणून तिचं समाधान झालं.
गेले ते चारच्या गाडीनं. हे फोन माझ्यापुढं ठेवून बाहेर गेले.
एक गोष्ट ह्यांना पण सांगितली न्हाई कधी. चिमीला बाभळीला मीच बांधलं व्हतं. कैलास म्हणला, घट्ट बांध, अक्का. ती माझ्यामागं आली, दुसऱ्या कुणाच्या हातानं आलीच नसती. अण्णा रायफल भरत व्हते, मला दिसत व्हतं. मी दोन गाठी मारल्या.
नऊला ठाण्यात. कैलासचा नंबर काढून ठेवलाय, अजून लावला न्हाई.